किल्लीवाला की दोरीवाला

आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाला घरासाठी जनरेटर घ्यायचा असला की त्याला माझ्याकडे पाठवतात. आता शेजारच्या दोन बिल्डिंगमधलेही येऊ लागलेत. मी त्यांना बसवून नीट सांगते. आधी काय काय चालवायचंय त्याची यादी करा. फ्रिज सुरू होताना दुप्पट-तिप्पट ओढतो, ते धरून चाला. घरात किंवा बंद गॅलरीत चुकूनही चालवू नका, तो धूर माणूस मारतो. आठवड्यातून एकदा पाच मिनिटं उगाच चालवा, नाहीतर पेट्रोल आत जमून बसतं. शेवटी ते विचारतात, दोरी ओढायचा घ्यावा की किल्लीवर सुरू होणारा? किल्लीवाला घ्या, मी म्हणते. पण तुमच्याकडे तर दोरीचा आहे, असं कुणी म्हटलंच तर सांगते की दोरीने खांदा दुखतो. खांदा दुखतो हे खरं आहे.

तीन वर्षांपूर्वी सासूबाईंना दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "दिवसातले सोळा तास ऑक्सिजनचं मशीन लागेल. अंघोळीपुरतं, जेवणापुरतं काढलंत तर चालेल. फक्त लाईट जाऊ देऊ नका." डॉक्टर डोंबिवलीत राहत नसावेत. आमच्याकडे शुक्रवारी दुरुस्तीच्या नावाने सकाळी दहाला गेलेली लाईट दुपारी तीन-चारला येते, आणि बाकीच्या वारी ती काही न सांगता जाते. सासूबाईंची निम्मी फुप्फुसं कोकणातल्या चुलीने खाल्ली होती. उरलेली संध्याकाळी आमच्याकडे येणाऱ्या कारखान्यांच्या वासाने खाल्ली असणार, निदान त्यांचं तसं ठाम मत होतं. इन्व्हर्टर होता घरात, पण त्यावर मशीन लावलं की ते कण्हायला लागायचं आणि अर्ध्या तासात बॅटरी बसायची. एक छोटा सिलिंडर होता, तो दवाखान्यात नेण्यापुरता, आणि त्याचं चाक इतकं घट्ट की ते फक्त माझ्या हाताने फिरायचं. नवरा ठाण्याला ऑफिसात. मुलगा बंगलोरला. म्हणजे दिवसभर घरात आम्ही दोघीच.

आमचं कसं होतं ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा कपाटाच्या किल्ल्या सासूबाईंच्या कमरेला होत्या, आणि माझा मुलगा नोकरीला लागला तरी तिथेच होत्या. पाहुणे आले की मी त्यांच्यासमोर म्हणायचं, "आई, चांगल्या ताटल्या देता का?" मग त्या उठायच्या, किल्ली लावायच्या, माणसं मोजून तेवढ्याच ताटल्या माझ्या हातात द्यायच्या आणि कुलूप ओढून बघायच्या. पन्नाशीला आलेली बाई मी. माझ्या आमटीला त्या 'कढत पाणी' म्हणायच्या. मीही काही गरीब गाय नव्हते. मी तोंडावर बोलत नसे, एवढंच. डॉक्टरांनी मीठ कमी सांगितलंय म्हणून मी त्यांच्या ताटात अळणी भाजी वाढायचे. डॉक्टरांनी मिठाबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं.

जनरेटर घ्यायचा ठरला तेव्हा नवरा म्हणाला, "बरा असेल तो घ्या, पैशाकडे बघू नका. तुम्ही दोघी ठरवा." आम्ही दोघींनी सव्वीस वर्षांत मिळून काही ठरवलेलं त्याने कधी पाहिलं असेल तर मला ठाऊक नाही. मी एकटी कल्याणला जाणार होते. सासूबाईंनी नाकातली नळी काढून ठेवली, लुगडं नीट केलं आणि म्हणाल्या, "मी येते. मशीन माझं आहे." थोडा वेळ त्याच्याशिवाय चालतं हे डॉक्टरांनीच सांगितलेलं, त्यामुळे नाही म्हणायला जागा नव्हती. रिक्षात त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. बोलायला दम पुरत नव्हता.

दुकानदाराने त्यांना पंख्याखाली प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसवलं आणि दोन जनरेटर पुढे काढले. एक लहान, दोरी ओढून सुरू करायचा. दुसरा थोडा मोठा, चाकांचा, किल्ली फिरवली की सुरू. सासूबाईंनी स्टुलावरूनच बोट दाखवलं.

"तो किल्लीचा दाखवा."

त्याने किल्ली त्यांच्याच हातात दिली. त्यांनी ती फिरवली आणि यंत्र घुरघुरायला लागलं. त्यांच्या तोंडावर जे आलं ते मी आमच्या घरात क्वचित पाहिलं असेल. लहान मुलीसारख्या दिसल्या. आमचं घर तळमजल्यावर. मागच्या दारातून चार पावलांवर धुण्याचा दगड, त्यावर पत्रा, जनरेटर तिथेच ठेवायचा होता. त्यांनी मनात पावलं मोजली असणार.

"हा घेऊ," त्या म्हणाल्या. "मला उठता येतं. लाईट गेली की... मी जाईन... आणि..."

इथे त्यांना धाप लागली. दम परत येईपर्यंत त्या हात वर करून थांबायच्या, म्हणजे 'माझं संपलं नाहीये' असा. मी त्या हाताकडे पाहिलं आणि बोलायला सुरुवात केली. किल्लीवाल्याला वेगळी बॅटरी असते, ती बसली तर काय? दुकानदार म्हणाला, "ताई, त्यालाही दोरी असतेच, बॅटरी बसली तर दोरी ओढायची." मी म्हटलं, जड आहे, सरकवायचा कुणी? तो म्हणाला, चाकं आहेत. मी म्हटलं, म्हाताऱ्या माणसाने पेट्रोलच्या यंत्राला हात लावावा का? यावर त्याने पावतीपुस्तक पुढे ओढलं. पैसे कुणाच्या पर्समधून येणार ते त्याला कळलं होतं. सासूबाईंचा हात खाली आला तोवर पावती दोरीवाल्याची होत होती.

खरं कारण मी त्या दिवशी कुणाला सांगितलं नाही, स्वतःलाही नाही. आता सांगते. एकदा तरी त्यांनी मला हाक मारून मागावं, आणि मी उठून द्यावं, असं मला हवं होतं.

इलेक्ट्रिशियनने त्यांच्या खाटेशेजारी एक स्विच बसवला. वर केला की नेहमीची लाईट, खाली केला की जनरेटर. तेवढा त्यांच्या हातात. जनरेटर मागे पत्र्याखाली, धुराचं तोंड बाहेरच्या भिंतीकडे. पहिल्या मजल्यावर राहणाऱ्या, शाळेतून निवृत्त झालेल्या बाईंनी आवाजाबद्दल कुरकुर केली, मग स्वतःहून विचारायला लागल्या की मोबाईल चार्ज करू का. मी दोरी ओढायचा सराव केला. पेट्रोलचा कॉक उघडायचा, चोक ओढायचा, पाय टेकवून एक झटका. दसऱ्याला सासूबाई नळी काढून भिंत धरत मागे आल्या, जनरेटरला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली आणि त्याला हात जोडले. मी म्हटलं, "आई, ओढणारी मी आहे." त्या म्हणाल्या, "तुझी पूजा करायला तू काय देव आहेस?" मी हसले. बोलल्या मात्र अचूक.

पहिल्या खऱ्या शुक्रवारी सकाळी त्या पहिल्या मजल्यावरच्या बाईंना खिडकीतून सांगत होत्या, "हिला घाई झालीय. मी गेले की कपाट उघडायचंय हिला." मी स्वयंपाकघरात होते. गॅसवर चहा होता. लाईट गेली आणि मशीन लांब ओरडायला लागलं. लाईट गेली की ते असंच ओरडतं, कुणी बंद करेपर्यंत.

"अगं," सासूबाईंची हाक आली, "लाईट गेली."

मी चहा गाळला. साखर ढवळली. ओट्याला टेकून उभी राहिले आणि प्यायला लागले. घाईने नाही. कढत होता म्हणून बशीत ओतून प्यायले. दुसरी हाक आली, मग तिसरी, ती अर्ध्यावर तुटली. अंघोळीपुरतं चालतं, मी मनात म्हटलं, डॉक्टरच म्हणालेत. कप विसळून पालथा घातला आणि मागे गेले. दुसऱ्या झटक्याला जनरेटर लागला. आत आले तेव्हा सासूबाईंनी स्विच खाली केला होता, नळी नाकात होती, ओठ जांभळे होते. त्या माझ्याकडे बघत होत्या. रागाने नाही. नवीन माणसाकडे बघतात तसं.

मला छान वाटलं. हे लिहायला नको, पण वाटलं. सव्वीस वर्षांनी पहिल्यांदा त्या घरात मला पाठ ताठ करून चालता आलं.

त्यानंतर ते अंगवळणी पडलं. दर शुक्रवारी नाही, पण बऱ्याचदा. कधी चहा, कधी दाराशी आलेल्या भाजीवाल्याशी दोन शब्द, कधी नुसती ओट्याशी उभी. पाच मिनिटं, कधी सात. मी घड्याळ बघायचे, म्हणजे मी काही राक्षसीण नव्हते, असं मी स्वतःला सांगायचे. सासूबाई हाका मारेनाशा झाल्या. हाकेत दम जातो हे त्यांना कळलं. त्या खाटेवर टेकून बसायच्या, मशीनचं ओरडणं स्वतःच बंद करायच्या आणि दाराकडे बघत राहायच्या. नवऱ्याला यातलं काही माहीत नव्हतं. आईने त्याला सांगितलं असतं तर त्याने माझं काय केलं असतं कोण जाणे. पण तिने सांगितलं नाही.

गंमत अशी की गुरुवारी संध्याकाळपासून सासूबाई गोड व्हायला लागल्या. गुरुवारी माझी आमटी बरी व्हायची. गुरुवारी त्या मला "दमलीस का गं?" विचारायच्या. शुक्रवारी लाईट आली की शनिवारी पुन्हा जरा तिखट, मग बुधवारपर्यंत उतरत उतरत गुरुवारी परत साखर. मी हे ओळखलं आणि त्याची मजा घेतली. एका गुरुवारी त्यांनी भाजीला चव आहे म्हटलं, आणि मी म्हटलं, "आज मीठ घातलंय, आई." त्यांनी मान खाली घातली आणि जेवल्या.

अशाच एका गुरुवारी त्यांनी कमरेच्या किल्ल्या काढल्या आणि माझ्या हातावर ठेवल्या. "राहू दे तुझ्याकडे," म्हणाल्या. मी त्या जाईपर्यंतही थांबले नाही, त्यांच्या डोळ्यांदेखत कपाट उघडलं. काय असावं आत? त्या चांगल्या ताटल्या. सासऱ्यांचा चष्मा. साबणाची वडी घालून कागदात गुंडाळलेली दोन लुगडी. किडे झालेले काजू. कुलूप लावण्यासारखं तिथे काही नव्हतं. सव्वीस वर्षं मी ज्या कपाटावर जळत होते त्यात किडके काजू होते. मी काजू त्यांच्या समोरच कचऱ्यात टाकले. किल्ल्या गेलेल्या कमरेला त्यांचा हात दिवसभर जात राहिला.

मग तो मंगळवार. मंगळवारी दुरुस्ती नसते, लाईट जाऊ नये, म्हणून मी कल्याणला बाजारात गेले. हळकुंडं आणि वर्षाची मिरची घ्यायची होती. मिरचीवाल्याकडे उभी असताना फोन वाजला. घरचा नंबर. मी पर्समध्ये बघितलं आणि चेन लावली. किती वेळ लागणार ते विचारत असतील, असं मला वाटलं. खरं म्हणजे असं वाटून घेतलं. आणखी दोनदा वाजला. दोन्ही वेळा मला ऐकू आला. मी मिरचीचा रंग बघत होते.

परत येताना पत्रीपुलावर रिक्षा अडकली. पुढचं काही हलेना. तेव्हा मी फोन काढला आणि घरी लावला. कुणी उचलला नाही. पुन्हा लावला. मग घरापर्यंत लावतच राहिले. गल्लीत शिरले तेव्हा पहिल्यांदा ऐकू आला तो आमच्या जनरेटरचा आवाज. तो आवाज इतका चांगला कधी वाटला नव्हता, आणि मला कळेना की दोरी कुणी ओढली.

दोरी शाळेतल्या बाईंनी ओढली होती. त्या वरून कपडे काढायला आल्या तर खाली धुण्याच्या दगडाजवळ सासूबाई बसलेल्या, मांडीवर दोरीची मूठ, दोरी हातभर बाहेर आलेली. आधी सासूबाईंनी ओढून पाहिली होती. एकदा की दोनदा, ते त्यांनाही सांगता येईना. बाईंनी त्यांना आत नेऊन टेकवलं आणि मग स्वतः खटपट केली. चोक कुठला ते त्यांना माहीत नव्हतं. त्यांच्या तळहाताला फोड आला होता, तो त्या मला दाखवत होत्या.

"अहो, तो किल्लीवाला मिळतो की," बाई म्हणाल्या. "तो का नाही घेतलात? या स्वतः लावू शकल्या असत्या ना."

मी तोंड उघडलं. काय सांगणार होते ते आठवत नाही. खाटेवरून सासूबाईंचा आवाज आला, नळीतून आल्यासारखा बारीक.

"मीच नको म्हटलं. मला काय कळतंय त्यातलं."

मला कळत नाही, असं सासूबाई जन्मात कधी म्हणाल्या नव्हत्या. संध्याकाळी नवरा आल्यावर त्यालाही तेच सांगितलं, वर म्हणाल्या, "ही असली की दोन झटक्यांत लावते रे. हीच बाहेर गेलेली, म्हणून झालं." नवऱ्याने माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. मला लाज वाटली असं लिहिलं तर ते खोटं होईल. आधी सुटल्यासारखं वाटलं. लाज नंतर आली, मिरच्यांची देठं काढताना, आणि ती अजून गेलेली नाही. त्यांनी मला वाचवलं होतं की त्या मला घाबरत होत्या, हे मी कितीदा उलटंसुलटं करून पाहिलं. घाबरतच असणार. तसंच मी त्यांना केलं होतं.

रात्री जेवताना मी म्हटलं, "आई, आपण हा देऊन किल्लीवाला आणू. उद्याच आणू."

"कशाला आता?" त्या म्हणाल्या. "तू आहेस ना."

आणि आणला नाही. नवरा म्हणाला, आईला हाच सवयीचा झालाय. मी एकदा-दोनदा म्हणून गप्प झाले. आजही मला सांगता येणार नाही की मी फार जोर का लावला नाही.

त्या मंगळवारनंतर सासूबाई खचल्या. अंघोळीपुरतंही मशीन काढवेना, मी ओल्या कपड्याने त्यांचं अंग पुसायचे. आता पाच मिनिटं म्हणजे काय ते मला नीट कळत होतं. मी ठरवलं होतं की लाईट गेली की हातातलं टाकून पळायचं, आणि शुक्रवारी दहाच्या आधी मी हाताला काही कामच लावून घ्यायचे नाही. एका शुक्रवारी मात्र लाईट साडेनऊलाच गेली. मी नुकताच चहा कपात ओतला होता. कप तसाच ओट्यावर ठेवून मी त्यांच्या खोलीतून मागच्या दाराकडे धावले.

सासूबाई टेकून बसल्या होत्या. मशीन ओरडत होतं. मी खाटेजवळून जाताना त्यांनी हात वर केला, दुकानात केला होता तसा. मी थांबले. त्यांना दोन श्वास घ्यावे लागले.

"चहा झालाय ना?" त्या म्हणाल्या. "आधी चहा घे तुझा. मग लाव."

टोमणा असता तर मी झेलला असता. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, टोमणा शोधला. नव्हता. मला सांभाळून घेत होत्या, चिडकं जनावर सांभाळतात तसं. त्यांना माहीत होतं, पहिल्या दिवसापासून. कपाचा आवाज, बशीचा आवाज, पालथा घातलेल्या कपाचा आवाज, सगळं त्यांनी भिंतीपलीकडून ऐकलं होतं आणि त्याच्यावर आपले श्वास मोजले होते.

मी मागे गेले. पेट्रोलचा कॉक उघडला, चोक ओढला, पाय टेकवला आणि ओढलं. लागला नाही. पुन्हा ओढलं. झटका पुरा बसत नव्हता. खिडकीतून मशीनचं ओरडणं येत होतं, ते मध्येच थांबलं. त्यांनीच बंद केलं असणार, मला त्रास नको म्हणून. सातव्या झटक्याला खांद्यात काहीतरी सरकलं आणि जनरेटर लागला.

आत आले तेव्हा स्विच खाली केलेला होता आणि त्या डोळे मिटून पडल्या होत्या. छाती वरखाली होत होती. मी त्यांच्या पायांजवळ बसावं, काही बोलावं, असं मनात आलं. मी स्वयंपाकघरात गेले. चहावर साय धरली होती. मी तो उभ्यानेच प्यायले, आणि कप ठेवताना आवाज होऊ नये म्हणून हळू ठेवला. तरी आतून त्या म्हणाल्या, "झाला का?"